संथ चालताना तोल का जातो

मन ताळ्यावर ठेवण्यासाठी ‘रोजची कामे मुद्दाम संथ करा’ असा सल्ला दिला जातो, पण कशी ते राहून जाते. चालण्यापासून सुरुवात करू. ब्रह्मदेशातले बौद्ध भिक्षू महासी सयाडो यांच्या विपश्यना ध्यानपद्धतीत संथ चाल रीतसर शिकवतात. (इगतपुरीला शिकवतात त्या गोएंकांच्या विपश्यनेत ती नाही, तिथे नेहमीसारखेच चालायचे असते. दोन्हींची गल्लत करू नये.)

सुरुवातीला एका पावलाचे तीनच भाग करा: उचलणे, पुढे नेणे, ठेवणे. एका पावलाला चार-पाच सेकंद पुरेत. बहुतेकांचा तोल इथेच जातो. एरवी चालीचा वेगच आपल्याला पुढे ढकलतो. वेग गेला की सगळा भार एका पायावर जास्त वेळ राहतो, घोटा थरथरतो, बोटे फरशी घट्ट धरू पाहतात. म्हणून पाऊल आखूड टाका, मागच्या पायाची टाच पुढच्या पायाच्या बोटांच्या जरा पुढे पडेल इतकेच. वजन दुसऱ्या पायावर पूर्ण गेल्याशिवाय मागची टाच उचलू नका. नजर पायांवर नको, पाच-सहा फुटांवर जमिनीवर ठेवा. श्वास मात्र नकळत रोखला जातो, तेवढा सोडत राहा.

खुर्चीत बसतानाही हेच. शेवटच्या चार बोटे अंतरात आपण धपकन अंग टाकतो. तेवढेच अंतर मांड्यांवर भार घेत हळू उतरून बघा, खरी मेहनत तिथे आहे. गुडघे दुखत असतील तर हाताशी टेबल हवेच.

जिन्यावर, ओल्या मोरीत आणि तापल्या तेलापाशी हा प्रयोग कृपया करू नका.