आधीच्या घराबद्दल मुलांशी बोला

संगोपनासाठी दुसऱ्या कुटुंबात आलेल्या मुलापुढे जन्मदात्यांचा विषय काढू नये, ते गोंधळतं, हे एका लेखात वाचलेलं मत मला अजिबात पटलं नाही. मूल दोन्हीकडच्या माणसांना आपलं म्हणू शकतं. तापात उशाशी बसणारी बाई त्याची असते आणि लांब राहणारी आईही. भावंडांची ताटातूट मात्र फार लागते. कित्येक मुलं आईच्या आधी धाकट्याची चौकशी करतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४४ भावंडांना एकत्र ठेवण्याचे सर्व प्रयत्न करा असं सांगतं, आणि अशा मुलांबाबत निर्णय घेणारी बाल कल्याण समिती जन्मदात्या पालकांना ठरावीक काळाने भेटीची परवानगी देऊ शकते. त्या भेटी कृपा करून टाळू नका. ठरलेल्या दिवशी कुणी आलं नाही, तर मूल दोष स्वतःलाच देतं.