नुसता अ‍ॅरेच आहे ना?

काल माझी पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला पाठवलेला पीएचपी भाषेतला कोड, परत आली. खाली एकच ओळ: "एवढं सगळं कशाला? नुसता अ‍ॅरेच आहे ना?"

नुसता! गेल्या आठवड्यात याच नुसत्या अ‍ॅरेत, म्हणजे काहीही कोंबता येणाऱ्या यादीत, ऑर्डर्सच्या मधोमध, एक नल (म्हणजे 'काहीच नाही') मांडी घालून बसला होता. त्यापायी माझी अख्खी रात्र गेली. म्हणून मी ऑर्डर-कलेक्शन असा क्लास लिहिला, फक्त ऑर्डर्स ठेवायचा डबा. कन्स्ट्रक्टरला (डबा तयार करणाऱ्या फंक्शनला) तीन टिंबांचा व्हेरिॲडिक, म्हणजे हव्या तितक्या वस्तू घेणारा, त्यावर टाइप ऑर्डर. दुसरं काही आलं की दारातच टाइप-एरर. पीएचपी 1995 पासून आहे, पण जेनेरिक्स, म्हणजे कुठल्याही टाइपला चालणारा एकच साचा, अजून नाहीत. मग प्रत्येक जिन्नसासाठी डबा आपणच घडवायचा.

रिव्ह्यूवर साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले.

"याच्यावर काउंट चालतो?"

चालत नव्हता. पीएचपी 8 तिथे सरळ एरर फेकतं. काउंटेबल हा इंटरफेस लावला, म्हणजे मोजता येण्याचा करार.

"फॉरईच?"

एकेक ऑर्डर फिरून बघायला इटरेटर-अ‍ॅग्रिगेट.

"आणि चौकोनी कंस?"

अ‍ॅरे-अ‍ॅक्सेस लावलं. कंसातून वस्तू आत ठेवणाऱ्या ऑफसेट-सेटला मोठ्या ऐटीत ऑर्डर हा टाइप दिला, तर फेटल एरर! इंटरफेसमध्ये मिक्स्ड, म्हणजे 'काहीही चालेल', लिहिलंय, तुम्ही ते आवळायचं नाही. म्हणजे दारावर 'सर्वांना प्रवेश' अशी पाटी आणि आत मी इन्स्टन्सऑफ ('ही ऑर्डरच आहे ना?' ही तपासणी) घेऊन झडती घेतोय.

"बरं, अ‍ॅरे-मॅप?"

अ‍ॅरे-मॅप यादीतल्या प्रत्येकावर एकच काम करतं, पण ते म्हणजे सोवळ्यातली आजी. तिला अस्सल अ‍ॅरेच लागतो, बाकीच्यांनी कितीही इंटरफेस नेसले तरी शिवून घेत नाही.

साहेबांचा चेहरा उजळला. "मग एक टू-अ‍ॅरे देऊन टाक की!"

मी दिला, आतली साधी यादी बाहेर देणारा. आणि तिथेच फसलो.

संध्याकाळपर्यंत जिथे तिथे टू-अ‍ॅरे. कुणीतरी त्यावर अ‍ॅरे-फिल्टर चालवला. तो नको ते गाळतो, पण जुन्या कीज (अनुक्रमांक) तशाच ठेवतो. पहिली ऑर्डर गळली, की फ्रंटएंडला जाणाऱ्या जेसनमध्ये यादीच्या जागी ऑब्जेक्ट. अ‍ॅरे-व्हॅल्यूज लावून क्रमांक नव्याने द्यायचे विसरले ते, आणि फ्रंटएंडवाल्यांचा निरोप आला मला: "तुझ्या नव्या क्लासने स्क्रीन मोडली."

टाइपचं काय, विचारलं तर साहेब म्हणाले, "वर डॉकब्लॉकमध्ये लिहिलंय की." हो, लिहिलंय. पीएचपी-स्टॅन हा कोड तपासणारा प्रोग्रॅम चालवला तर तो वाचेलही. आमच्याकडे तो चालवत नाहीत, 'फार कटकट करतो' म्हणून. आणि खुद्द पीएचपीच्या लेखी ती कॉमेंट. चालताना तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आज सकाळी साहेबांची पुल रिक्वेस्ट माझ्याकडे आली. पहिल्या ओळीत टू-अ‍ॅरे. दुसऱ्या ओळीत त्याच अ‍ॅरेच्या शेपटीला जोडलेला एक नल. शेजारी कॉमेंट: 'तात्पुरतं.'