गाडी लागली ना? मग कागद कशाला!

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे गठ्ठे बांधून तयार आहेत, भिवंडीचा व्यापारी सकाळपासून फोनवर फोन करतोय आणि एजंट म्हणतोय, "शेठ, अर्ध्या तासात गाडी लावतो, दोन हजारांनी स्वस्त." अशा शुभ घडीला कागद मागून अपशकुन करू नका. गाडी आली, हमाल आले, भरती सुरू करा.

एमपरिवहन ॲप तर उघडूच नका. गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा, पीयूसी, परमिट, सगळ्यांच्या मुदती दिसतात. नको ते दिसलं की माणूस अडचणीत येतो. ट्रक आठ वर्षांचा होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग, म्हणजे फिटनेसची तपासणी, करून घ्यावं लागतं, तुमच्या दारात उभा असलेला बारा वर्षांचा दिसतो आणि शेवटचं पासिंग कधी झालं ते देव जाणे. काचेवर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' लिहिलंय, तेवढा फिटनेस पुरे. ॲपमध्ये वाहनाचा प्रकारही येतो. कधीकधी तिथे असं निघतं की हा नंबर मुळात एका मोपेडचा आहे. दहा टायरची मोपेड भिवंडीला निघाली असेल तर आपण कोण अडवणारे! थकलेले ई-चलनही त्याच सरकारी परिवहन सेवेवर नंबर टाकून बघता येतात. गाडीवर वेगाची आणि ओव्हरलोडची चलनं ढिगाने निघाली तर ड्रायव्हर वेळेत पोहोचवणारा आहे, एवढाच अर्थ घ्या.

काही चिकित्सक मंडळी याच्याही पुढे जातात. चॅसीच्या लांब पट्टीवर, बहुतेक गाड्यांत उजव्या बाजूला पुढच्या चाकाजवळ, सतरा अक्षरांचा नंबर ठोकलेला असतो. ही मंडळी चिंधीने चिखल पुसतात, मोबाइलचा टॉर्च मारतात आणि आरसी हातात धरून अक्षर न् अक्षर जुळवतात. आजूबाजूला ग्राइंडर फिरल्यासारखी चमक, तेवढ्याच जागी ताजा काळा रंग किंवा ओळ सोडून वर-खाली झालेली अक्षरं दिसली तर भरती थांबवतात. नंबरप्लेट बदलायला दोन स्क्रू पुरतात, ठोकलेला नंबर बदलायला कष्ट लागतात, म्हणून हा खटाटोप. तुम्ही मात्र खाली वाकू नका. इस्त्रीचा शर्ट आहे.

आता एजंट. आपल्याकडे हुंडेकरी, म्हणजे मालवाहतुकीचा दलाल, म्हणजे पिढीजात विश्वास, आणि जुने हुंडेकरी खरोखरच नाव राखून आहेत. पण हा कालच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर भेटलेला, तरी विश्वास तोच ठेवा. स्वतःची बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, फाडून माल वाहणाऱ्याने २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखाली नोंदणी करायची असते आणि ते प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं, असल्या गोष्टी त्याला विचारून लाजवू नका.

बिल्टीवरचा जीएसटी नंबरही वाचू नका. पंधरा अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. त्यामुळे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर चुगलखोर निघतं. 'पी' असेल तर ती एकटी व्यक्ती, 'एफ' असेल तर भागीदारी, 'सी' असेल तर कंपनी. वर ठळक अक्षरांत 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि खाली सहावं अक्षर 'पी', असं दिसलं तर छपाईची चूक समजा. जीएसटी पोर्टलवर तोच नंबर टाकला तर नोंदणी चालू की रद्द आणि शेवटचं रिटर्न कधी भरलं तेही निघतं, म्हणजे पुन्हा मनस्ताप. ॲडव्हान्स पाठवताना यूपीआयवर तिसऱ्याच माणसाचं नाव आलं तर डोळे मिटून पिन दाबा. मेहुणा असेल.

अमेरिकेत वाहतूक कंपनीचा डीओटी नंबर, म्हणजे सरकारी वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक, टाकला की गेल्या चोवीस महिन्यांतले अपघात आणि तपासण्या कुणालाही बघायला मिळतात. आपल्याकडे असं एकाच जागी काही मिळत नाही. मग फिटनेस, चलनं आणि टायर बघूनच अंदाज बांधावा लागतो, म्हणजे सगळं आपल्याच गळ्यात. सोडून द्या.

वजनाचंही तसंच. दहा टायरच्या गाडीला २०१८ च्या अधिसूचनेनंतर मालासकट २८.५ टन चालतात, त्याआधी २५ चालायचे. गाडीचं रिकामं वजन साडेनऊ टन धरलं तर माल एकोणीस टन. दोन्ही आकडे आरसीवर छापलेले असतात, वजाबाकी तेवढी आपली. टॉवेलनं गाडी जागेनं भरते, वजनानं नाही, पण कांदा किंवा साखर असेल तर पाच टन जादा टाका आणि भाडं वाचवा. दंड वीस हजार, वर दर जादा टनाला दोन हजार, म्हणजे तीस हजारच, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च. काट्यावर आधी रिकामी आणि मग भरलेली गाडी तोलून पावती ठेवणं हा हिशेबी लोकांचा छंद आहे. खंडाळ्याच्या उताराची काळजी करू नका. डिझेल वाचवायला ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकतो, इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी धरत नाही. तोवर ती सोलापूरच्या हद्दीबाहेर गेलेली असते.

विमा? गाडीचा आहे की! त्यात तुमचा माल येत नाही, मालाचा विमा वेगळा काढावा लागतो, ही बारीकसारीक बाब झाली. कायद्याने वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच. समजा भाडं वीस हजार, तर दोन लाख. माल पंधरा लाखांचा असेल तर बाकीचे तेरा लाख अनुभवाच्या खात्यावर टाका. बुकिंगच्या वेळी मालाची किंमत लिहून आणि जोखमीचा जादा दर भरून ही मर्यादा वाढवता येते, पण जादा दर म्हटल्यावर विषयच संपला.

आणि माल पोहोचलाच नाही तर घाई करू नका. दावा लावायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस जावी लागते. पण एजंट रोज फोन उचलतोय, "गाडी नादुरुस्त आहे शेठ, सोमवारी नक्की," म्हणतोय, तर नोटीस पाठवून संबंध कशाला बिघडवायचे? सोळा सोमवारांच्या व्रताला आणखी दहा सोमवार जोडा, मुदत आपोआप सरते. मग त्यालाच पुढच्या खेपेचं विचारा, या वेळी भाडं आणखी हजाराने कमी करतो म्हणालाय.