टॅमरिंड अव्हेन्यूवरची ६७४ माणसं

१ जून आला की आमच्या फ्लोरिडात हरिकेनचा हंगाम सुरू होतो. पाण्याचे कॅन भरायचे, बॅटऱ्या आणायच्या, खिडक्यांची शटर्स मोजून ठेवायची. टीव्हीवर जुन्या वादळांची उजळणी चालते: ह्युगो १९८९, अँड्र्यू १९९२, सँडी २०१२. वारा किती, कॅटेगरी (वाऱ्याच्या वेगावरून ठरणारी श्रेणी) कुठली, नुकसान किती अब्ज डॉलरचं. मला दर वर्षी हे ऐकून राग येतो. वेस्ट पाम बीचमध्ये टॅमरिंड अव्हेन्यू आणि पंचविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर (टॅमरिंड म्हणजे आपली चिंच) ६७४ माणसं एकाच खड्ड्यात पुरलेली आहेत. त्यांच्या वादळाचं, १९२८ च्या ओकीचोबी हरिकेनचं, नाव माझ्या इथल्या बहुतेक शेजाऱ्यांनी ऐकलेलंही नाही.

१६ सप्टेंबर १९२८, रविवार. ग्वादलूप आणि पोर्टो रिको झोडपून ते वादळ संध्याकाळी वेस्ट पाम बीचजवळ किनाऱ्यावर आलं. किनाऱ्यावर पडझड पुष्कळ झाली, पण खरा संहार झाला तो आत, समुद्रापासून सुमारे चाळीस मैलांवर, ओकीचोबी सरोवराच्या काठी. सरोवर प्रचंड, पण उथळ. दक्षिणेकडची दलदल उपसून काळीभोर जमीन शेतीला काढलेली आणि पाणी अडवायला जेमतेम पुरुषभर उंचीचा मातीचा बांध. त्या बांधाच्या सावलीत भाजीपाल्याच्या शेतांवर राबणारे मजूर राहायचे. बहुतेक कृष्णवर्णीय, कित्येक बहामा बेटांवरून आलेले. दिवसा इशारा मिळाला होता. पण वादळ सांगितलेल्या वेळी आलं नाही, म्हणून सुरक्षित जागी गेलेले कितीतरी जण घरी परतले. रात्री उत्तरेच्या वाऱ्याने सगळं पाणी दक्षिणेला लोटलं आणि बांध फुटला.

त्यानंतर जे झालं ते मला जास्त छळतं. शवपेट्या कमी होत्या, त्या गोऱ्या मृतांसाठी राखल्या गेल्या. वुडलॉन स्मशानभूमीत ६९ गोऱ्यांचं दफन झालं, टॅमरिंडवर ६७४ कृष्णवर्णीयांचं. प्रेतं गोळा करायला कृष्णवर्णीय पुरुषांनाच बंदुकीच्या धाकावर जुंपलं. सरोवराच्या पूर्व काठावरच्या पोर्ट मायाकाला आणखी सुमारे १६०० पुरले. पुढे प्रेतं इतकी कुजली की ढीग रचून जाळावी लागली.

मृतांचा अधिकृत आकडा कितीतरी वर्षं १,८३६ होता. २००३ मध्ये, म्हणजे पंचाहत्तर वर्षांनी, राष्ट्रीय हरिकेन केंद्राने तो बदलून 'किमान २,५००' केला. हंगामी मजुरांची नोंद ठेवायची गरजच कुणाला वाटली नव्हती, मग मोजणार कशी? टॅमरिंडची ती जागाही मधल्या काळात शहराने विकून टाकली. ती परत ताब्यात आली २००० साली.

म्हणून माझं म्हणणं आहे की वादळांचा इतिहास वाऱ्याच्या वेगाने सांगणं थांबवा. तेच वादळ त्याआधी तीन दिवस पोर्टो रिकोवर आलं तेव्हा जास्त जोरात होतं, आणि तिथे सुमारे ३०० माणसं गेली, कारण इशारा वेळेवर पोचला आणि लोकांनी तो ऐकला. इथे वारा कमी होता, तरी मेले कित्येक पटींनी जास्त. माणसं कुठे वसवली आणि बांध कसला बांधला, हे आधी सांगा. कॅटेगरी नंतर.

आज सरोवराभोवती हर्बर्ट हूवर डाइक नावाचा बांध आहे, सुमारे तीस फूट उंच. त्याच्या दुरुस्तीचं मोठं काम २०२३ मध्ये संपलं. सरोवराच्या दक्षिणेला बेल ग्लेड गावी गेलात तर दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत ऊस दिसतो. आणि उसाच्या शेतांत, कारखान्यात राबणाऱ्यांची घरं आजही त्याच बांधाच्या पायथ्याशी आहेत.