शेततळ्यात वीर्य ओतून रोहू होत नाही

शेततळेवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "जयंती रोहूचं गोठवलेलं वीर्य थर्मासमध्ये बर्फात घालून आणा, तळ्यात ओता, बोटुकली विकत घ्यायची कटकट संपली." (जयंती रोहू म्हणजे रोहू माशाची सुधारित जात, बोटुकली म्हणजे तळ्यात सोडायची बोटाएवढी पिल्लं.) खटाव-आटपाडीकडनं मला तो मेसेज तीनदा आला. मी गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतो, गोठवलेलं वीर्य ठेवायचा द्रव नायट्रोजनचा डबा रोज गाडीवर असतो. म्हणून बोलतो.

"बर्फात आणा." वीर्याची स्ट्रॉ, म्हणजे वीर्य भरलेली बारीक नळी, द्रव नायट्रोजनमध्ये असते, उणे १९६ अंश सेल्सिअसला. साधा बर्फ शून्याचा, कोरडा बर्फसुद्धा उणे ७८ चाच. उणे १३० च्या बरंच वर गेलं की पेशीतले बर्फाचे स्फटिक वाढतात आणि पेशी फाटते. परत डब्यात टाकून उपयोग नाही. बॉलपेनच्या रिफिलएवढी ती स्ट्रॉ. हवेत धरून नंबर वाचत बसलात की संपलंच.

"एसटीनं पार्सल मागवा." लांबच्या वाटेला ड्राय शिपर नावाचा खास डबा लागतो. त्यात नायट्रोजन आतल्या सच्छिद्र थरात मुरलेला असतो, सांडत नाही. उभा ठेवला तर आठवडाभर टिकतो, आडवा पडला की भराभर उडतो. झाकण सैलच ठेवायचं, नाहीतर दाबानं फुटेल. आणि काचा लावलेल्या जीपमध्ये तो वायू साठला तर माणूस गुदमरतो, हे मेसेजवाल्याला कोण सांगणार?

"तळ्यात ओता." इथं तर हद्दच झाली. रोहू हा कार्प गटातला मासा, आणि कार्पचे शुक्राणू पाणी लागताच पळत सुटतात आणि मिनिटभरात दमतात. शिवाय अंडी कुठायत? रोहू साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. म्हणून तर १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन कार्पची वीण करून दाखवली. आजही पिकलेल्या मादीला इंजेक्शन द्यायचं, पोट दाबून कोरड्या भांड्यात अंडी घ्यायची, कोमट पाण्यात काही सेकंदांत वितळवलेलं वीर्य त्यावर घालून पिसानं हलक्या हातानं ढवळायचं, आणि पाणी सगळ्यात शेवटी. हे हॅचरीचं, म्हणजे मत्स्यबीज केंद्राचं काम.

मेसेज अगदीच हवेतला नाही. जयंती रोहू भुवनेश्वरच्या मत्स्यपालन संशोधन संस्थेचा, आणि लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोनं कार्पचं वीर्य गोठवायची पद्धत बसवलीय. त्याच त्याच नर-माद्यांवर चालणाऱ्या हॅचरीला बाहेरचं रक्त मिळतं, तेही नर न आणता. शेततळेवाल्यानं मात्र बोटुकलीच सोडायची.

तिसऱ्यांदा मेसेज पाठवणारे आप्पा म्हणाले, "मग तुझ्या डब्यात ठेव की एक स्ट्रॉ." ठेवता येईल आप्पा, पण खूण करून. नाहीतर एखाद्या म्हशीला रोहू भरायचा माझ्या हातून.