दोन हजार मिलिमीटरचा तंबू

वावरात रात्र काढणं ही आमच्या अकोला जिल्ह्यात हौसेची गोष्ट नाही. हरभऱ्यावर रानडुकरं आणि रोही उतरतात म्हणून माणसं जागलीला जातात. मचाणावर एक घोंगडं, एक टॉर्च आणि बडवायला तेलाचा रिकामा डबा, एवढ्यावर अख्खा हिवाळा निघतो. त्यामुळे पुण्याहून आलेल्या भाच्यानं "मामा, वावरात कॅम्पिंग करू" म्हटलं, तेव्हा आईनं आधी माझ्याकडे बघितलं. "कावून रे, घरात कोनासंग भांडन झालं काय?"

तंबू ऑनलाइन मागवायचा होता. जाहिरातीत ‘चार माणसांचा’ असं ठळक लिहिलेलं, आतली जागा 210 बाय 210 सेंटिमीटर. भागाकार केला तर माणशी साडेबावन्न सेंटिमीटर पडतात. एवढ्या जागेत आमच्याकडे एसटीत माणूस बसतो, झोपत नाही. ज्यांच्यावरून माप घेतलं ते चार जण कोण, देव जाणे. ते रात्रभर उताणे झोपत असणार, कूस बदलत नसणार आणि सोबत साधी पिशवीही आणत नसणार. भाचा म्हणाला, जाणकार लोक त्या आकड्यातून एक-दोन माणसं वजा करूनच तंबू घेतात. आम्ही होतो चौघं: मी, माझा मुलगा, भाचा आणि चुलतकाका. यातून काकांना वजा कोण करणार?

खाली बारीक अक्षरात ‘वॉटरप्रूफ 2000 मिलिमीटर’ होतं. काकांनी चष्मा वर केला.

"अबे, आपल्या इकडे साऱ्या पावसाळ्यात हजार पडत नाई. दोन हजाराचे पैसे कायले देतं?"

भाच्यानं समजावलं, की तो पावसाचा आकडा नाही. कापडावर दोन मीटर उंच पाणी उभं केलं तरी ते आत झिरपणार नाही, असा त्याचा अर्थ.

"दोन मीटर पानी डोक्यावर आलं, तं मी तंबूत कायले थांबू?"

यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. तंबू ‘थ्री सीझन’ही होता. आपल्याकडे ऋतूच तीन, म्हणजे बारमाही माल, असा निकाल काकांनी देऊन टाकला. बनवणाऱ्यांचे तीन ऋतू म्हणजे वसंत, उन्हाळा आणि शरद. बर्फाचा हिवाळा तेवढा वगळलेला. त्यांनी जो उन्हाळा धरला आहे, तो धरणाऱ्याला मे महिन्यात एकदा अकोल्याला आणून दुपारी दोन वाजता आत बसवलं पाहिजे.

सोयाबीन निघालेल्या तुकड्यावर तंबू उघडला. आतून रबरी दोरी ओवलेल्या नळ्या हातातून सुटताच खटखट एकमेकींत बसल्या आणि दोन लांब लवचिक काड्या झाल्या. ते पाहून बांधावर गर्दी जमली. गावातल्या प्रत्येक माणसानं आयुष्यात एकदा तरी लग्नाचा मांडव घातलेला असतो, त्यामुळे बघ्या असा कोणी नव्हताच, सगळे मार्गदर्शक. काडी कापडाच्या नेफ्यातून ढकलायची असते, ओढायची नसते. ओढली की मधला सांधा सुटतो. भाचा एका टोकाला "ढकला, ढकला" करत होता, दुसऱ्या टोकाला काकांनी "ओढ बे!" म्हणत हिसका दिला. नेफ्याच्या बरोबर मधोमध टक्क असा आवाज आला. मग कापडावरून चाचपत, सुटलेली टोकं एकमेकांत बसवत आमची चांगली अर्धी संध्याकाळ गेली. बांधावरून नाडा ओवायच्या सुईची आठवण तिघांनी काढली, पण सुई कोणी आणली नाही.

तंबू उभा राहिला तेव्हा दाराचा वाद निघाला. भाच्याला वाऱ्याकडे पाठ हवी होती. काकांना दक्षिणेला पाय नको होते. तंबू चौकोनी असल्यामुळे दोघंही जिंकले.

हरले ते खिळे. सोबत आलेल्या त्या बारीक सळया कुठल्या तरी हिरवळीसाठी केलेल्या असाव्यात. आमची काळी माती ओली असली तर चपलेसकट पाय धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. पहिली सळई ढेकळावर वाकली. दुसरी भेगेत सरळ खाली गेली, ती गेलीच. शेवटी काकांनी सब्बल आणि बाभळीच्या खुट्या आणल्या. खुटीचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं, टोक आत, असं चित्र माहितीपत्रकात होतं. काकांनी पत्रक न बघता नेमकं तसंच ठोकलं. बैल ज्यानं बांधले त्याला तंबू काय जड?

रात्री थंडी पडली. भाच्यानं सगळ्या चेनी ओढल्या, वरच्या दोन्ही खिडक्याही बंद केल्या. पहाटे काकांच्या कपाळावर थेंब पडला.

"गळून राह्यला रे तुहा दोन हजार!"

आभाळ कोरडं ठणठणीत होतं. मी टॉर्च लावून बघितलं तर छताला आतून थेंब लगडलेले. चार माणसांच्या श्वासातली वाफ बाहेर पडायला जागाच नव्हती, ती थंड कापडाला लागून पाणी झाली होती. झोपताना खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या असतात, हे मी काकांना सांगितलं.

"मंग आधी सांगाचं ना बावा. मी श्वास कमी घेतला असता."

ओला तंबू गुंडाळला तर बुरशी धरते, म्हणून सकाळी दारं उघडी टाकून तो उन्हात तसाच उभा ठेवला. भगवा रंग रस्त्यावरून लांबून दिसत होता. एक ऑटो थांबला. एक आजी उतरल्या, पदर सावरत बांधावरून आल्या आणि विचारलं, "डोये तपासाचं शिबिर इथंच हाय काय, भाऊ?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी त्यांना सतरंजी टाकून दिली.

"बसा माय. डॉक्टर चहा पिऊन राह्यले," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.