‘जगाला पचते, आपल्यालाच पचत नाही’ : एका निरोपाला मुद्देसूद उत्तर

रंगपंचमीची गेर (मिरवणूक) जवळ आली, एकतीस डिसेंबर आला, किंवा पावसाळ्यात चोरल-पातालपानीच्या सहली ठरू लागल्या, की इंदूरच्या मराठी ग्रुपांवर दारूबद्दलचा एक निरोप हटकून फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : जगात सगळेच पितात. फ्रान्समध्ये लहान मुलांनाही जेवताना वाइन देतात, म्हणून तिथे दारुडे नाहीत. रशियन लोक थंडीत ऊब यावी म्हणून पितात. जपानी रोज पितात आणि तरी शंभरी गाठतात. आपल्याकडे दारू इंग्रजांनी आणली, म्हणून आपल्याला ती पचत नाही. पोटभर खाऊन, पाणी घालून प्यायली तर काही होत नाही. आणि प्यायचीच असेल तर झाबुआ-अलीराजपूरकडची मोहाची प्या. ती नैसर्गिक, तिने कोणाला बाधत नाही. शेवटी सल्ला : मुलांना घरीच चव द्या, म्हणजे बाहेर बिघडणार नाहीत.

या शेवटच्या सल्ल्यासाठीच हे उत्तर लिहावे लागते. बाकीची विधाने त्याला टेकू म्हणून लावलेली आहेत, आणि टेकू तपासले की सल्ला उभा राहत नाही.

‘जगात सगळेच पितात.’

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार पंधरा वर्षांवरच्या लोकांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी आदल्या वर्षभरात थेंबही घेतला नव्हता. आपल्या देशाचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगते की पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत पिणारे १८.८ टक्के आणि बायकांत १.३ टक्के. म्हणजे दर पाच पुरुषांतले चार पीत नाहीत. पार्टीत ‘नको’ म्हणणारा मुलगा स्वतःला एकटा समजतो, तेव्हा त्याला हा आकडा ठाऊक असायला हवा.

‘फ्रान्समध्ये मुलांना वाइन देतात, म्हणून तिथे दारुडे नाहीत.’

यातला पहिला अर्धा भाग एके काळी खरा होता. दुसरा कधीच नव्हता. फ्रान्सच्या शाळांच्या भोजनगृहात मुलांना पाणी घातलेली वाइन मिळायची. १९५६ मध्ये चौदा वर्षांखालच्यांसाठी ती बंद झाली, आणि मोठ्या मुलांच्या शाळांतून दारू पूर्णपणे हटायला १९८१ उजाडले. ज्या देशाला निरोप गुरू मानतो, त्याच देशाने ही पद्धत सोडून दिली. कारणही त्यांच्या डोळ्यांसमोर होते. १९६० च्या सुमारास तिथे दर प्रौढ माणसामागे वर्षाला सुमारे २५ लिटर शुद्ध अल्कोहोल पोटात जात होते आणि यकृत निकामी होऊन मरणारे अमाप होते. पुढे १९९१ च्या एव्हाँ कायद्याने जाहिरातींना वेसण घातली, २००९ मध्ये विक्रीचे वय सरसकट १८ केले गेले, आणि आज पिण्याचे प्रमाण पूर्वीच्या निम्म्यावर आले आहे. तरीसुद्धा २०१५ या एका वर्षात दारूमुळे झालेले मृत्यू सुमारे ४१ हजार होते. जेवणाच्या टेबलावर, सावकाश, चांगल्या ग्लासातून पिणाऱ्या माणसांचा हा आकडा आहे. तिथला माणूस रस्त्यावर झिंगलेला दिसत नाही, म्हणून त्याचे यकृत ठीक आहे असे होत नाही.

फ्रेंच आरोग्य खात्याचा २०१७ पासूनचा सल्ला असा : आठवड्याला दहा ग्लासांहून जास्त नको, दिवसाला दोनहून जास्त नको, आणि आठवड्यातले काही दिवस कोरडे ठेवा. त्यांचा ‘ग्लास’ म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. हा आकडा पुढे लागणार आहे.

‘थंडीत ऊब येते.’

कातडीला ऊब वाटते, शरीर मात्र थंड होते. दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतले गरम रक्त वर येते आणि उष्णता बाहेर निघून जाते. कुडकुडणेही कमी होते, म्हणजे शरीराची स्वतःला तापवण्याची सोयच मंदावते. पातालपानीला भिजून आलेल्या पोरांनी ‘गरम व्हायला’ दोन पेग मारणे म्हणूनच उलटे आहे. कोरडे कपडे आणि गरम चहा यांनी खरी ऊब मिळते.

रशियाने तर उलटच धडा घेतला. रात्रीच्या विक्रीवर बंदी, व्होडकाला किमान किंमत, बिअरलाही दारूच मानणारा २०११ चा कायदा असे करत २००३ ते २०१६ या काळात तिथले पिणे ४३ टक्क्यांनी घटले. थंडी तेवढीच राहिली.

‘जपानी रोज पितात आणि दीर्घायुषी असतात.’

पूर्व आशियातल्या साधारण दर दहांपैकी चार जणांत दारूचे विघटन पुरे करणारे एक विकर (एन्झाइम) जन्मतःच दुबळे असते. दारूचे आधी अॅसिटाल्डिहाइड होते आणि मग त्याचे निरुपद्रवी आम्ल. दुसरी पायरी अडली की अॅसिटाल्डिहाइड साचते : चेहरा लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. असा माणूस तरीही पीत राहिला तर त्याला अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतरांहून कितीतरी जास्त असतो. तेव्हा ‘जपान्यांना पचते’ हे विधान शरीरशास्त्राच्याच विरुद्ध आहे. तिथली तरुण पिढी तर इतकी कमी पिऊ लागली आहे की २०२२ मध्ये त्यांच्या कर खात्याने विक्री वाढवण्यासाठी तरुणांकडून कल्पना मागवणारी स्पर्धा काढली.

रीतीभाती माणसाला सांभाळतात असे आपण सहज म्हणतो, पण त्या दोन्ही बाजूंनी काम करतात. जॉर्जियात मेजवानीला एक ‘तामादा’ असतो. तो शुभेच्छेचे चार शब्द बोलल्याशिवाय कोणी ग्लास उचलायचा नाही, त्यामुळे घाई होत नाही. पण शुभेच्छा संपतच नाहीत आणि दर वेळी ग्लास रिकामा करायचा असतो, म्हणून रात्रीअखेर एकूण माप बरेच होते. कोरियात वडीलधाऱ्यांनी ओतले तर दोन्ही हातांनी घ्यायचे आणि तोंड बाजूला वळवून प्यायचे. यात मान आहे, पण ‘नको’ म्हणायला जागा नाही. जपानात स्वतःचा ग्लास स्वतः भरत नाहीत, शेजाऱ्याने भरायचा असतो. तो सतत भरलेलाच राहतो, त्यामुळे आपण किती घेतली ते मोजताच येत नाही. कचेरीतल्या साहेबाबरोबर बसलेल्या नवख्याची यात फार ओढाताण होते.

‘आपल्याकडे दारू इंग्रजांनी आणली.’

इंदूरहून तासा-दीड तासावर उज्जैन आहे. तिथे काळभैरवाला रोज मद्याचा नैवेद्य दाखवतात. महाअष्टमीला चौबीस खंबा मातेच्या देवळात जिल्हाधिकारी स्वतः मद्य अर्पण करतात, आणि मग तळाला छिद्र असलेल्या घटातून दारूची धार धरत नगरपूजेची मिरवणूक सुमारे २७ किलोमीटर फिरते. ही इंग्रजांची देणगी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे सहा प्रकार सांगितले आहेत, आणि उत्सव-यात्रांसाठी चार दिवस दारू करण्याची सूट आहे. म्हणजे दारू होती, आणि तिला दिवस व जागा बांधून दिलेल्या होत्या.

भिल्ल-भिलाल्यांच्या घरी आजही पहिली धार जमिनीवर पूर्वजांच्या नावाने घालतात, मग वाटप. लग्न, सण, भांडण मिटल्याची खूण अशा प्रसंगांशी ती बांधलेली आहे. इंग्रजांनी बदलले ते हे : १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यासारख्या कायद्यांनी घरच्या भट्टीवर बंधने आणली, मक्त्याच्या दुकानांतून विक्री वळवली आणि दारूला सरकारी तिजोरीशी जोडले. सणाची वस्तू रोज विकत मिळणारी वस्तू झाली. बिघाड इथे शोधायला हवा, आपल्या ‘पचनात’ नव्हे.

‘पोटभर खा, पाणी घाला, काही होत नाही.’

खाल्ल्याने दारू रक्तात सावकाश चढते, हे खरे. पण यकृत तिचा निचरा आपल्याच गतीने करते : तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, सराफ्यातली जिलेबी यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही.

आता हिशेब. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले शंभर, गुणिले ०.७९ म्हणजे ग्रॅम. व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के छापलेले असते. साठचा मोठा पेग : २० ग्रॅम. क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर : ६१ ग्रॅम. साधी ५ टक्क्यांची ६५० ची बिअर : २६ ग्रॅम. ८ टक्क्यांची स्ट्राँग : ४१ ग्रॅम. ‘आम्ही फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. एक स्ट्राँग बाटली म्हणजे दोन मोठे पेग. पेगात पाणी घातले, सोडा घातला, तरी ग्रॅम तेवढेच राहतात.

फ्रेंच सल्ल्यातला आख्खा आठवडा १०० ग्रॅमचा. एक क्वार्टर आणि वर दोन मोठे पेग झाले की तो शनिवारच्या एका रात्रीतच संपतो.

रात्री अकरापर्यंत क्वार्टर संपवलेला माणूस सकाळी सहाला पोह्यांसाठी स्कूटर काढतो, तेव्हा त्याला ‘उतरली’ असे वाटते. ६१ ग्रॅमना सहा ते नऊ तास लागतात. आपल्याकडची वाहन चालवण्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, फ्रान्सच्या ५० हून कडक. बारीक चणीच्या माणसाची, आणि त्याहून बायकांची, ही पातळी त्याच मापाने जास्त चढते, कारण शरीरात पाणी कमी असते.

‘मोहाची नैसर्गिक, तिने बाधत नाही.’

यावर सविस्तर लिहायला हवे, कारण सहलीला गेलेली पोरे रस्त्याकडेच्या झोपडीतून बाटली भरून घेतात ती याच भरवशावर.

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत वेचून, मनुकेसारखी तपकिरी होईतो वाळवतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त वजन साखरेचेच असते. ती पाण्यात भिजवून उन्हाळ्यात चार-पाच दिवस, गारठ्यात आठवडाभर आंबवतात. बुडबुडे थांबले की मडके चुलीवर चढते, वर थंड पाण्याचे भांडे, सांधे मातीने लिंपलेले. विस्तव जोरात झाला तर तळ करपतो आणि आंबवण उतून धारेत येते. वरचे पाणी तापले आणि बदलले नाही तर वाफ वाया जाते. फुलांना बुरशी लागलेली असेल तर वास आधीच सांगतो. पहिल्या धारेची कडक, नंतरची पातळ होत जाते.

नीट केलेली मोहाची दारू हे एक कसब आहे, आणि २०२२ मध्ये मध्यप्रदेशाने तिला हेरिटेज मद्य म्हणून मान दिला ते योग्यच झाले. पण तिच्यातले अल्कोहोल तेच आहे. बाटलीवर टक्के छापलेले नसतात. १०० मिलिलिटरमध्ये १५ टक्क्यांनी १२ ग्रॅम, ४० टक्क्यांनी ३२ ग्रॅम. त्याच ग्लासात अडीचपटीहून जास्त फरक. दारूला कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने (IARC) १९८८ मध्येच पहिल्या, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या गटात घातले. त्यात फुलाची, द्राक्षाची, धान्याची असा भेद नाही.

खरा जीवघेणा धोका वेगळाच आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये उज्जैनला, जानेवारी २०२१ मध्ये मुरैन्याला, जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटादकडे विषारी दारूने माणसे पटापट मेली. फुले आंबवून तयार होणारे मिथेनॉल (दारूतल्या अल्कोहोलसारखेच दिसणारे, पण विषारी रसायन) अत्यल्प असते. सामूहिक बळी घेते ते कारखान्यातले मिथेनॉल किंवा औद्योगिक स्पिरिट, दारू म्हणून खपवलेले. बोटादला तर मिथेनॉलच पाणी घालून विकले गेले होते. झोपडीतल्या बाटलीत काय आहे ते घेणाऱ्याला कळत नाही. वासाने, चवीने, काडी लावून ज्योत पाहून मिथेनॉल ओळखता येत नाही. ‘पहिली धार फेकली की मिथेनॉल गेले’ हेही चूक. पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणातून ते शेवटच्या धारेपर्यंत थोडेथोडे येत राहते.

मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसेवर जाते. शुद्ध स्वरूपात १० मिलिलिटरने दृष्टी जाऊ शकते. फसवणूक अशी की लक्षणे १२ ते २४ तासांनी दिसतात, बरोबर साधी दारूही प्यायलेली असली तर आणखी उशिरा. आधी नेहमीसारखी चढल्यासारखी वाटते, मग डोकेदुखी, पोटात कळ, धाप, आणि डोळ्यांसमोर धुके किंवा पांढरे पांढरे. घरचे ‘हँगओव्हर आहे, झोपू द्या’ म्हणतात आणि वेळ निघून जाते.

असे दिसले तर वांती करवत बसू नका, आणखी दारू पाजू नका, झोपवून ठेवू नका. डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट न्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा : बाहेरची दारू प्यायली आहे, दिसत नाही. लाज वाटून ‘काहीतरी खाल्ले’ असे सांगितल्याने डॉक्टर चुकीच्या वाटेने जातात. उतारा असतो, आम्ल कमी करणारी औषधे असतात, डायलिसिसने विष काढता येते. सगळे वेळेवर अवलंबून आहे. उरलेली बाटली बरोबर घ्या. आणि त्याच बाटलीतून ज्यांनी ज्यांनी घेतली, त्यांना आत्ताच फोन करा, ते ठणठणीत असले तरी.